अकरावीचा फॉर्म भरताना गणित सोडू नका

भगिनींनो, शेकडा 2 रुपये महिना म्हणजे वर्षाला 24 टक्के व्याज, हे गटात आपण सगळ्या जाणतो. हाच विषय लेक पदवीलाही शिकू शकते. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषय म्हणजे मेजर, जोडीचा म्हणजे मायनर. मेजरला गणित जास्त, मायनरला कमी. तीन वर्षांत पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मुंबईत फणसवाडीला नातलगांकडे राहणार असेल, तर चौपाटीवरचं 1832 सालचं विल्सन कॉलेज जवळ आहे. पुढे बी.एड., बँक, विमा अशा वाटा आहेत. मात्र बी.एस्सी.ला गणित घ्यायचं तर बारावीला गणित लागतं. अकरावीत सोडलं की ही वाट बंद. म्हणून फॉर्मवर सही करण्याआधी विषय वाचा, लेकीला विचारा.