इन्सुलिन पंप असलेला रुग्ण दाखल होतो तेव्हा

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील अनेक खासगी रुग्णालयांत आयुर्वेद पदवीधर निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून सेवा देतात. रात्री दाखल होणाऱ्या रुग्णाची पहिली तपासणी बहुधा त्यांच्याच हातून होते. असा रुग्ण कमरेला इन्सुलिन पंप लावून आला, तर काय करावे व काय करू नये, याची उजळणी आपण या लेखात करू.

सुश्रुताचार्यांनी प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले असून सहज प्रमेही कृश असतो, असे म्हटले आहे. आजच्या टाइप १ मधुमेहाचे पुष्कळसे वर्णन या सहज भेदाशी जुळते. पंप वापरणारे बहुसंख्य रुग्ण याच प्रकारचे असतात. त्यांच्या शरीरात स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ नसते, हे ध्यानी ठेवल्यास पुढील सर्व नियम सहज उमगतात.

पंप काढणे म्हणजे इन्सुलिन बंद करणे

पंपात केवळ शीघ्र परिणाम करणारे इन्सुलिन असते. ते त्वचेखालील कॅन्युलातून थोडे थोडे सतत जात राहते. दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा साठा शरीरात नसतो. त्यामुळे पंप काढला, नळी दुमडली किंवा बॅटरी संपली, तर काही तासांतच रक्तात कीटोन वाढू लागतात व कीटोअॅसिडोसिसचा धोका निर्माण होतो. म्हणून पर्यायी इन्सुलिन दिल्याविना पंप एका तासाहून अधिक काळ काढून ठेवू नये. शिरेतून इन्सुलिन द्यावयाचे असल्यास ते सुरू झाल्यावरच पंप काढावा. दीर्घकालीन इन्सुलिनचे इंजेक्शन द्यावयाचे असल्यास, शक्य असेल तेव्हा ते सुमारे दोन तास आधी द्यावे. पंपात नोंदलेल्या मूळ मात्रेवरून अंदाज येतो. तासाला ०.८ युनिट असल्यास दिवसाचे सुमारे १९ युनिट होतात. मात्रेचा अंतिम निर्णय मात्र मधुमेहतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.

पंप कोणाचा चालू ठेवावा?

रुग्ण पूर्ण शुद्धीवर असेल, पंप स्वतः हाताळू शकत असेल व त्याच्याजवळ सुटे साहित्य असेल, तर तज्ज्ञांच्या लेखी सूचनेने पंप चालू ठेवता येतो. बेशुद्धी, गोंधळलेली मनःस्थिती, कीटोअॅसिडोसिस, तीव्र संसर्ग वा आत्मघाताची शंका असल्यास पंपावर विसंबू नये. एम. आर. आय.साठी पंप, सेन्सर व धातूची सुई खोलीबाहेरच ठेवावी. एक्स-रे व सी. टी. स्कॅनच्या वेळी उत्पादकाच्या सूचना पाहाव्यात.

रक्तशर्करा ७० मि.ग्रॅ.हून कमी व रुग्ण शुद्धीवर असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. शिरेतून डेक्स्ट्रोज द्यावे व पंप थांबवावा. शर्करा सावरल्यावर इन्सुलिन पुन्हा सुरू करण्याचे विसरू नये. याउलट शर्करा अकारण २५० च्या वर राहिली, तर कीटोन तपासावेत, मात्रा इंजेक्शनने द्यावी व कॅन्युलासह पंपाचा संच बदलावा.

सिरिंजची गफलत

आपल्याकडे ४० युनिट प्रति मि.लि.च्या कुप्या सर्रास मिळतात. पंपातील इन्सुलिन मात्र सामान्यतः १०० युनिट प्रति मि.लि. असते. हे इन्सुलिन लाल टोपणाच्या ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरल्यास प्रत्यक्षात २५ युनिट जातात. अडीचपट मात्रा प्राणघातक ठरू शकते. म्हणून कुपी व सिरिंज यांवरील आकडा दोघांनी वाचावा.

पंचकर्म व पथ्य

अभ्यंगाच्या तेलाने कॅन्युलाची चिकटपट्टी सुटते. स्वेदनाच्या उष्णतेने इन्सुलिन निकामी होऊ शकते, तसेच त्याचे शोषण वाढून शर्करा अचानक उतरू शकते. वमन, विरेचन व लंघन यांनी जलक्षय व कीटोनवृद्धी संभवते. अशा रुग्णास ही कर्मे तज्ज्ञांच्या संमतीविना करू नयेत. अवलेह व आसव-अरिष्टांतील साखरही हिशेबात धरावी. कोणत्याही वनौषधीच्या भरवशावर इन्सुलिन बंद करण्याचा सल्ला कदापि देऊ नये.

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस कित्येक तास अडकून पडली होती. अशा पावसात रुग्णास ठाणे-मुंबईस हलविणे दुरापास्त होते आणि ते काही तास आपल्याच हाती असतात. म्हणून प्रत्येक रुग्णालयाने इन्सुलिन, दोन्ही प्रकारच्या सिरिंज, कीटोनपट्ट्या व मधुमेहतज्ज्ञांचा दूरध्वनी क्रमांक रात्रपाळीच्या टेबलावर सिद्ध ठेवावा. पंप हाताळण्याचे कौशल्य सर्वांस साधेल असे नाही. परंतु पंप काढण्यापूर्वी ‘याला पर्यायी इन्सुलिन मिळाले आहे का?’ हा एक प्रश्न विचारणे आपणा प्रत्येकास साधण्यासारखे आहे.