पहिल्या रात्रीचा फोन

सकाळी 8. दवाखाना उघडायच्या आधी फोन पाहते. रात्री 3 वाजून 10 मिनिटांनी आलेला निरोप: "मॅडम, पाचव्यांदा उठला." आठ महिन्यांचा मुलगा. "अकराला या, आजींनाही आणा," असं कळवते. आजींचं मुद्दाम लिहिते, कारण रात्री त्या घरात त्यांचाच शब्द चालतो.

9.30. लसीकरण. दोन महिन्यांच्या मुलीची आई रडकुंडीला आलेली, रात्रभर पाजावं लागतं म्हणून. या वयात ते लागतंच, तिचं काही चुकत नाही. सकाळी बाळाला उजेडात घेऊन बसा, रात्री पाजताना दिवा मंद ठेवा, गप्पा नकोत. दिवस कुठला, रात्र कुठली, हे बाळाला हळूहळू उमगतं. याहून जास्त काही करायला मी सांगत नाही.

11. आई, आजी आणि बाळ. आधी कान, घसा, छाती, वजन तपासते. दुखणं असेल तर झोपेच्या गोष्टी नंतर. सगळं ठीक निघालं.

"दूध पुरत नसेल हो त्याला, वरचं सुरू करू का?" आजी विचारतात. त्यांना वजनाची रेघ दाखवते, चढतीच आहे. मग आईला रात्रीचं नाही, संध्याकाळचं विचारते. तो झोपतो कसा?

"अंगावर पीत पीतच. गाढ झोपला की अलगद खाली ठेवते."

गाठ इथेच असते. बाळाची झोप तासाभराने वर येते. आपणही रात्री जागे होतो, कूस बदलतो, सकाळी आठवतही नाही. बाळ मात्र कुशीत झोपलेलं असतं आणि डोळे उघडतं ते गादीवर. ते कूस शोधणारच. म्हणून काम रात्री तीनला नाही, साडेआठला करायचं: पोट भरलेलं, डोळे पेंगुळलेले, पण अजून जागं, असं खाली ठेवायचं.

आजींकडे रोजचा क्रम सोपवते. कोमट पाण्याने अंघोळ, तेलाचा हात, मग आईचं दूध, मग अंगाई. रोज तीच वेळ, तोच क्रम. 2009 साली संशोधक जोडी मिंडेल आणि सहकाऱ्यांनी 405 आया-मुलांच्या अभ्यासात असाच क्रम करून पाहिला. तीन आठवड्यांत रात्रीचं उठणं कमी झालं. आजींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "आम्ही हेच करायचो की." खरंच करायच्या.

उठताना आईने पर्समधून एक बाटली काढली. झाकण चिकट, औषध अर्ध्यावर आलेलं. सर्दीचं, कुणीतरी झोपेसाठी सुचवलेलं. त्यात प्रोमेथाझिन होतं. दोन वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत, श्वास मंदावू शकतो. बाटली मी ठेवून घेतली. तिला रागावले नाही. सहा महिने सलग न झोपलेली बाई आहे ती. मोहरीची उशीही काढायला सांगितली: गादी घट्ट, बाळ पाठीवर, आजूबाजूला काही नको.

दुपारी 4. बाळाच्या बाबांना फोन. रात्री एकपर्यंतची पाळी त्यांची. "मला जमेल का?" थोपटायला दूध लागत नाही, मी म्हणाले.

दार लावून बाळाला एकटं रडू देणं मी सांगत नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन खोल्यांत ते कुणाला झेपणारही नाही. रडलं तर जवळ घ्यायचं. फक्त पहिल्या कुरकुरीला उचलायचं नाही, कारण बऱ्याचदा बाळ झोपेतच कुरकुरतं.

रात्री 8.50. फोन. बाबा कुजबुजत: "ठेवलाय. डोळे उघडे आहेत. काय करू?"

हात छातीवर ठेवा. थोपटा. आता थोडं सावकाश.

बाबा फोन ठेवायला विसरले. मीही ठेवला नाही. पलीकडून एकदा रडण्याचा सूर, मग आजींचं गुणगुणणं, मग नुसतं थोपटणं, दोन थापांमधलं अंतर वाढत चाललेलं.