बॅरोनेटचा किताब कोणाला मिळतो? एका खाटकाच्या दाव्यातून समजून घ्या

इंग्लंडच्या काही घराण्यांत नावाआधी ‘सर’ लावायचा मान वारशाने मिळतो. हा बॅरोनेटचा किताब. साधारण नियम असा: वडिलांनंतर थोरला मुलगा, त्याचा वंश नसेल तर धाकटा. मुलींना सहसा हक्क नाही.

पण थोरला बेपत्ता झाला तर?

हॅम्पशायरच्या टिचबोर्न घराण्यात हेच घडलं. त्यांच्याकडे १६२१ पासून हा किताब होता. १८५४ मध्ये वारस रॉजर ब्राझीलजवळ जहाजासह बुडाला. १८६२ मध्ये वडील गेले आणि किताब धाकट्या आल्फ्रेडकडे आला.

आईला मात्र रॉजर जिवंत आहे अशीच खात्री होती. तिने पार ऑस्ट्रेलियापर्यंत जाहिराती दिल्या. १८६६ मध्ये तिथल्या वॅगा वॅगा गावचा एक खाटीक म्हणाला, मीच रॉजर! रॉजर फ्रान्समध्ये वाढलेला, याला धड फ्रेंच येत नव्हतं. तरी आईने त्याला मुलगा मानलं.

यात कोणाचं नुकसान होतं?

आल्फ्रेडच्या मुलाचं. आल्फ्रेड १८६६ मध्येच वारला, तेव्हा बायको गरोदर होती. मुलगा झाला, हेन्री. जन्मतःच तो बॅरोनेट ठरला. खाटीक जिंकला असता तर त्या बाळाचा किताब आणि इस्टेट, दोन्ही गेलं असतं.

निकाल काय लागला?

१८७२ मध्ये खाटकाचा दावा कोसळला. १८७४ मध्ये खोट्या साक्षीबद्दल त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली.

१९६८ मध्ये शेवटचे बॅरोनेट वारले. त्यांना मुली होत्या, पण वारस मुलगा नव्हता. किताब तिथेच संपला.