बर्थ मिळाला, रात्र हरवली

लांबचा रेल्वेप्रवास ठरला की आपल्या घराघरांतून पहिला प्रश्न येतो तो ‘तिकीट मिळालं का’ असा नसतो, ‘बर्थ मिळाला का’ असा असतो. तिकीट काय, खिडकीवर पैसे मोजले की मिळते. बर्थचे तसे नाही. जेमतेम सहा फुटांची ती निळी फळी एका रात्रीपुरती आपल्या नावावर झाली की माणूस निर्धास्त होतो. मग पोळी-चटणीचा डबा, पाण्याच्या बाटल्या, बॅगेला बांधायची साखळी आणि हवेची उशी अशी तयारी सुरू होते. विमानाचे भाडे परवडत नाही आणि जनरलच्या डब्यातली झोंबाझोंबी झेपत नाही, अशा माणसासाठी स्लीपरचा डबा म्हणजे फार मोठा आधार. झोपायचे मुंबईत आणि उठायचे नागपुरात, एवढे साधे वचन त्यात असते.

पण बर्थ मिळणे वेगळे आणि रात्र मिळणे वेगळे, हे एका पावसाळ्यात मला चांगलेच कळले.

नागपूरला माझ्या मावशीच्या हृदयावर शस्त्रक्रिया व्हायची होती. आईचे वय सत्याहत्तर. मावशी तिच्याहून सहा वर्षांनी धाकटी. आईचे एकच म्हणणे होते, ‘‘तिला आत नेण्याआधी मला एकदा तिच्या डोक्यावरून हात फिरवू दे.’’ आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजता स्लीपरचे तत्काळ आरक्षण उघडते. त्या दोन-चार मिनिटांच्या लढाईत मला खालचा आणि मधला असे दोन बर्थ मिळाले. घरात पेढे वाटावेत एवढा आनंद झाला. गाडी संध्याकाळची. सकाळी नऊला नागपूर. शस्त्रक्रिया साडेअकराला. मध्ये अडीच तास. हिशेब चोख होता.

डब्यात शिरलो आणि हिशेबाला पहिला तडा गेला. जुन्या पद्धतीच्या स्लीपरच्या डब्यात बहात्तर बर्थ असतात, नव्या एलएचबी डब्यात ऐंशी. आमच्या डब्यात त्या रात्री शंभराच्या वर माणसे सहज असतील. दाराजवळ, शौचालयाच्या बाहेर, समोरासमोरच्या बाकांमधल्या जागेत वर्तमानपत्रे अंथरून मंडळी बसली होती. साइडच्या खालच्या बर्थवर आरएसीवाले दोघे अनोळखी गृहस्थ एकमेकांकडे तोंड करून पाय आखडून बसले होते. अर्ध्या बर्थवर रात्र काढायची, हीच त्या तिकिटाची अट. आणि आमच्या खालच्या बर्थच्या कडेला मांडीवर तान्हे मूल घेऊन एक बाई बसली होती.

मी नियमाप्रमाणे म्हणालो, ‘‘हा रिझर्व्हेशनचा डबा आहे.’’ तिने काही न बोलता पदराची गाठ सोडून तिकीट दाखवले. जनरलचे होते. नागपूरच्याही पुढे, छत्तीसगडला जायचे होते. जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून नवऱ्याने तिला इकडे चढवले होते आणि तो स्वतः तिकडे दारात लोंबकळत होता. माझा पारा चढत होता. आईने मात्र पाय जवळ ओढून घेतले आणि म्हणाली, ‘‘बसू दे रे. लेकुरवाळी आहे.’’

आपला राग अशा वेळी नेहमी त्या बाईवर निघतो. तिचे चुकतेच, नाही असे नाही. वेटिंगच्या तिकिटावरही स्लीपरमध्ये चढता येत नाही, असा नियम आहे आणि मे २०२५ पासून तो कडकपणे पाळायचे ठरले आहे. पण एका लांब गाडीला जनरलचे डबे दोन ते चार. तेवढ्यात सगळे मावणार कसे? दुसऱ्या बाजूने, गेल्या काही वर्षांत अनेक गाड्यांमधले स्लीपरचे डबे कमी होऊन वातानुकूलित थ्री-टियरचे डबे वाढले. म्हणजे खालून जनरलची गर्दी रेटते आणि वरून एसी जागा खाते. या दोहोंच्या मध्ये स्लीपरचा प्रवासी सापडला आहे. आणि तो भांडतो कोणाशी, तर पायथ्याशी बसलेल्या आपल्याहून गरीब माणसाशी!

गाडी सुटल्यावर आई जुन्या आठवणींत शिरली. लग्न होऊन ती मुंबईला आली ती लाकडी फळीवर बसून. तेव्हा तिसरा वर्ग होता. १९७४ साली तो नावापुरता गेला, पण फळ्या लाकडीच राहिल्या. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर दोन इंचांच्या फोमच्या गाद्या आल्या. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. तिच्यात वर्गभेदच नव्हता, सगळ्यांना सारखाच डबा. आई म्हणाली, ‘‘पहिल्यांदा त्या गादीवर बसले तेव्हा वाटलं, कोणीतरी आपला विचार केलाय.’’

दोन इंच फोमची किंमत ती किती? पण चार दशकांनंतरही एक म्हातारी बाई ती विसरत नाही, कारण सुखापेक्षाही त्यामागची जाणीव मोठी होती.

कसाऱ्याला मागून जादा इंजिने लागली. सदतीस फुटांना एक फूट अशी तिथली चढण आहे. त्याशिवाय गाडी इगतपुरीला पोहोचत नाही. पावसाने घाट धरला होता. इगतपुरी सुटली आणि रात्री साडेअकराच्या सुमारास एका लहानशा स्टेशनावर गाडी थांबली ती थांबलीच. बारा वाजले, एक वाजला. पंखे मध्येच बंद पडत होते. नळाचे पाणी संपले. शौचालयाकडे जायचे तर निजलेल्या माणसांना ओलांडून जावे लागे. आई तासातासाने विचारी, ‘‘काय झालंय रे?’’ मला ठाऊक नव्हते. तिकीट तपासनिसांना विचारले. त्यांनाही ठाऊक नव्हते. कोणी म्हणाले पुढे दरड आली आहे, कोणी म्हणाले इंजिन बिघडले, कोणी म्हणाले मालगाडी घसरली. मोबाइलवर पाहावे तर त्यात आमची गाडी फक्त पन्नास मिनिटे उशिरा होती!

पहाटे चारला गाडी हलली. पण एकदा वेळ चुकलेल्या गाडीचे पुढे हालच असतात. वेळापत्रकात प्रत्येक गाडीला रुळावरचा ठरावीक काळ वाटून दिलेला असतो. तो हुकला की तिच्या वाट्याचा रूळ दुसऱ्या गाड्यांचा होतो. मग प्रत्येक मोठ्या स्टेशनाबाहेर तिला उभे करतात आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्या शेजारून धडधडत निघून जातात. चार तासांचा उशीर सात तासांवर जातो तो असा.

खरे दुःख त्यानंतरचे. सकाळी आठला मावसभावाचा फोन आला, ‘‘दादा, कुठवर आलात? आई सारखी विचारते आहे.’’ मोबाइलवर नागपूरची वेळ सव्वाअकरा दाखवत होती. मी म्हणालो, ‘‘आलोच. सव्वाअकरापर्यंत नक्की.’’ दहा वाजता तीच वेळ पाऊण झाली. मी भावाला म्हटले, डॉक्टरांना थोडे थांबायची विनंती कर. त्यांनी अर्धा तास दिला. सगळे दाराकडे डोळे लावून बसले. बारा वाजता गाडी बडनेऱ्याच्या अलीकडे उभी होती आणि मोबाइललाही रेंज नव्हती. मावशीला आत नेले. नेताना तिने विचारले म्हणे, ‘‘ताई आली का?’’

पहाटे चार वाजता कोणी खरे सांगितले असते, की ही गाडी दुपारी चारच्या आत पोहोचत नाही, तर आम्ही काय केले असते? फार काही नाही. आईने सकाळी आठलाच फोनवर बहिणीशी पोटभर बोलून घेतले असते. दोघी थोड्या रडल्या असत्या, थोड्या हसल्या असत्या. ‘प्रत्यक्षच भेटतोय की’ या खोट्या आशेवर तेवढा फोनसुद्धा राहून गेला. उशिराने आमची भेट हुकवली, पण बोलणे हुकवले ते अज्ञानाने.

पाऊस कोणाच्या हातात नाही. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेसला पुराच्या पाण्याने वेढले. कोल्हापूरला निघालेल्या सुमारे एक हजार प्रवाशांनी ती रात्र चारी बाजूंच्या पाण्यात काढली आणि दुसऱ्या दिवशी बोटींतून त्यांची सुटका झाली. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड कोसळून कोकण रेल्वे दिवसभराहून अधिक काळ अडली. अशा वेळी प्रवासी कुरकुर करतात, पण समजून घेतात. त्यांना पाऊस थांबवून नको असतो. काय झाले आहे आणि किती वेळ लागेल, एवढेच हवे असते.

नियमांतही हा विचार अर्धवटच आहे. चढायच्या स्टेशनावर गाडीला तीन तासांहून अधिक उशीर झाला आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तर पूर्ण पैसे परत मागता येतात. पण एकदा गाडीत बसलात, की मग पुढचे सात तास तुमचे तुम्ही! या बाबतीत सप्टेंबर २०२१ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक प्रवाशाने लक्षात ठेवावा असा आहे. अजमेरहून जम्मूला जाणारी गाडी चार तास उशिरा पोहोचली. एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. ग्राहक मंचाने दिलेली तीस हजारांची भरपाई न्यायालयाने कायम केली आणि बजावले, की उशिराचे कारण सिद्ध करणे हे रेल्वेचे काम आहे. कारण आवाक्याबाहेरचे होते असे दाखवता आले नाही, तर भरपाई द्यावीच लागेल. प्रवाशाचा वेळही मोलाचा असतो, हे त्या निकालाने मान्य केले.

पण तीस हजार रुपयांपेक्षा कितीतरी स्वस्त अशी एक गोष्ट आहे. थांबलेल्या गाडीत दर तासाला कोणीतरी येऊन दोन खरी वाक्ये सांगावीत. लाकडी फळीवर दोन इंच फोम घालण्याएवढीच ती साधी आहे.

आम्ही दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नागपूरला उतरलो. त्या बाईने मूल आईच्या पायांवर घातले आणि ती पुन्हा बर्थच्या कोपऱ्यात बसली. आता तिला जागा पुष्कळ होती. मावशीची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. आईला त्या दिवशी काचेतूनच तिला बघता आले.

तिसऱ्या दिवशी मावशीला बोलायची परवानगी मिळाली. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मावशीने पहिला प्रश्न केला, ‘‘ताई, गाडीत झोप लागली का गं?’’

बारा तास पाय पोटाशी घेऊन बसलेली आई म्हणाली, ‘‘लागली की. खालचा बर्थ होता.’’