जमिनीतून जाणारा बिनतारी निरोप

उंब्रजहून पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात गाडीचा रेडिओ खरखरू लागतो. बोगदा तरी दोन्ही तोंडांनी उघडा असतो. चंद्रपूर, बल्लारपूर, सावनेर या भागांतील भूमिगत कोळसा खाणीत छत कोसळले, तर टेलिफोनची तारही तुटते आणि आतला मजूर जिवंत आहे की नाही, हेच वर कळत नाही.

अमेरिकेतील सागो खाणीत २ जानेवारी २००६ रोजी स्फोट होऊन १३ कामगार अडकले, त्यांतील १२ दगावले. त्यांनी छताचे बोल्ट ठोकून इशारे दिले, ते वर ऐकूच गेले नाहीत. त्याच वर्षी तेथे खाणींत बिनतारी संपर्काची सक्ती करणारा कायदा झाला.

यातील अडचण खडकाची आहे. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण खडकात थोडेसे अंतर जाताच क्षीण होतात. वारंवारता हजार हर्ट्झवर आणली, तर तेवढेच क्षीण व्हायला दीडशे मीटर लागतात. ओल्या खडकात त्याहून कमी. मात्र इतक्या मंद लहरीवर बोलणे कठीण, चार शब्दांचा मजकूर तेवढा जातो. वर तारेचे मोठे वेटोळे पसरून जोरदार प्रक्षेपण करता येते. ऑस्ट्रेलियन 'पेड' यंत्रणेत असा निरोप मजुराच्या दिव्याच्या बॅटरीवर उमटतो, पण त्याला उत्तर देता येत नाही. खालून जास्त वीज वापरावी, तर मिथेन वायूत ठिणगीची भीती! म्हणूनच खाणीत न्यायचे उपकरण ठिणगी-सुरक्षित असावे लागते व त्याला धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची मंजुरी लागते. या धंद्यात उतरू पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी यंत्राच्या किमतीआधी या मंजुरीचा खर्च व वेळ धरावा.