ईस्टरचे मार्झिपान आणि स्वयंपाकघरातली मुले

गुड फ्रायडे जवळ आला की वांद्रे, वसईपासून गोव्यापर्यंतच्या अनेक कॅथलिक घरांत मिक्सरवर काजू फिरू लागतात. चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपत आलेला असतो आणि ईस्टरच्या रविवारी वाटायची मार्झिपानची अंडी त्याआधी तयार व्हायला हवी असतात. युरोपात मार्झिपान बदामाचे. आपल्याकडे बदाम महाग आणि पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेला काजू हाताशी. त्यामुळे बऱ्याच घरांत काजूने बदामाची जागा घेतली आणि बदामाचा फक्त इसेन्स उरला. काजूची पूड, साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि थोडे गुलाबपाणी मंद आचेवर कडा सुटेपर्यंत ढवळायचे, मळायचे आणि साच्यात दाबायचे.

साच्यात दाबण्याचे काम मुलांचे. तीन वर्षांच्या मुलालाही ते जमते आणि बोटांना त्याचा चांगला व्यायाम होतो. स्वतः बनवलेला पदार्थ मुले आवडीने खातात, हे सांगायला डॉक्टरची गरज नाही. मात्र हे काम सुरू होण्याआधीची दहा-पंधरा मिनिटे मुलाला शेगडीपासून दूर ठेवले पाहिजे. उकळते पाणी १०० अंशांवर असते. साखरेचा घट्ट पाक ११० अंशांच्याही वर जातो, शिवाय तो त्वचेला चिकटतो. पाणी ओघळून जाते, पाक तिथेच बसून भाजत राहतो. आचेवर भांडे असताना घरातली माणसे सावध असतात. धोका असतो तो भांडे खाली उतरल्यावर. गोळा निवायला म्हणून पातेले जमिनीवर किंवा ओट्याच्या कडेला ठेवले जाते आणि ‘आता झाले’ असे वाटून सगळ्यांचे लक्ष दुसरीकडे जाते. गोळा मोठ्यांच्या तळहाताला कोमट लागेपर्यंत मुलाला हाक मारूच नये.

तरीही भाजलेच, तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली तो भाग पूर्ण २० मिनिटे धरावा. बांगडी, अंगठी, चिकटलेले नसतील ते कपडे लगेच काढावेत. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांतले काहीही लावू नये. त्याने जखम निवत नाही, उलट ती किती खोल आहे हे तपासणे अवघड होते. चेहरा, हात किंवा गुप्तांग भाजले असेल, फोड आले असतील किंवा भाजलेला भाग मुलाच्या तळहातापेक्षा मोठा असेल, तर पाणी घालून झाल्यावर स्वच्छ कापडाने झाकून सरळ रुग्णालय गाठावे.

अंड्याची गोष्ट थोडी वेगळी. साल्मोनेला जिवाणू फक्त कवचावरच्या घाणीत असतो, असा समज आहे. पण संसर्ग झालेल्या कोंबडीच्या अंडाशयातून तो कवच तयार होण्याआधीच अंड्यात शिरू शकतो. म्हणजे अख्खे, स्वच्छ दिसणारे अंडेही निर्धोक असेलच असे नाही. पांढरा बलक घालून शिजवलेल्या मार्झिपानला चांगली उष्णता मिळते, तिथे चिंतेचे कारण कमी. अडचण आहे ती सजावटीच्या आयसिंगची. कच्चा बलक आणि पिठीसाखर घोटून केलेले आयसिंग वाळून कडक होते, म्हणून ते ‘पक्के झाले’ असे वाटते. साखर आणि कोरडेपणा यांमुळे जिवाणूंची वाढ थांबते, पण ते मरत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलात साल्मोनेलाचा जुलाब बघता बघता शरीरातले पाणी संपवतो. पिठीसाखर दुधात किंवा लिंबाच्या रसात कालवली तरी फुले काढता येतात. आजीच्या कृतीत एवढा बदल करायला हरकत नसावी. अंडे फोडायला मुलाला जरूर द्यावे. नंतर साबणाने हात धुवावेत आणि तोवर बोट तोंडात जाणार नाही एवढे पाहावे.

हॉट क्रॉस बन घरी होत असतील तर कच्च्या कणकेचेही हेच. मैदा कोरडा असला तरी तो कच्चाच असतो. अमेरिकेत २०१६ मध्ये ई. कोलायची साथ पिठापर्यंत पोहोचली. आजारी पडलेल्यांत उपाहारगृहात वेळ घालवायला कच्च्या कणकेचा गोळा खेळायला दिलेली मुलेही होती. कणकेशी खेळणे वाईट नाही, ती चाखणे वाईट.

सर्वांत कमी बोलला जाणारा धोका मात्र मार्झिपानमध्ये नसून ते करताना ताटात पडलेल्या अख्ख्या काजूंत असतो. लहान मुलाची श्वासनलिका साधारण त्याच्या करंगळीएवढी. हसताना, पळताना तोंडातला तुकडा आत जातो, जोराचा ठसका लागतो आणि पाच मिनिटांत मूल पुन्हा खेळू लागते. घरचे निश्चिंत होतात. मग आठवड्याभराने न जाणारा खोकला, एकाच बाजूला घरघर, दम्याची औषधे, आणि तरीही उतार नाही. काजू-शेंगदाण्याचा तुकडा साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही. निदान होते ते ‘त्या दिवशी काही खाताना ठसका लागला होता का?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून. हा ठसका डॉक्टरांना न विचारताही सांगावा. दुर्बिणीने तुकडा काढता येतो, पण उशीर झाला तर त्या भागात न्यूमोनिया होतो. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा सुकामेवा देऊच नये. बारीक दळलेला चालतो. सजावटीचे चंदेरी कडक मणीही लहानांच्या अंड्यावर नकोत.

रंगाबाबत, देशात खाद्यपदार्थांसाठी फक्त आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. किराणा दुकानातल्या सुट्या पुडीत त्यांपैकीच एखादा आहे याची खात्री नसते. बिटाचा रस, हळद आणि पालक एवढ्यात तीन रंग होतात. थोडे फिके होतात खरे.

साखरेचे काय, असे आई-वडील विचारतातच. मार्झिपान साधारण निम्मे साखरच असते. २५ ग्रॅमचे एक अंडे म्हणजे जवळपास तीन चमचे साखर. सणाच्या दिवशी चार वर्षांच्या मुलाने एक खाल्ले म्हणून बिघडत नाही. डबा मात्र त्याचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावा आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासून घ्यावेत, कारण हा गोळा दाढांच्या खाचांत चांगलाच अडकून बसतो.