कृत्रिम दाताभोवतीची सूज आणि प्रतिजैविके

जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून पक्का दात लावण्याचे काम स्वीडनचे डॉ. ब्रेनेमार्क यांनी १९६५ साली प्रथम माणसावर केले. आज अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आपण सर्व ही सोय जाणतो. हा दात किडत नाही; पण त्याभोवतीची हिरडी सुजते. सुरुवातीला नुसते रक्त येते. दुर्लक्ष केल्यास आतले हाड झिजते व स्क्रू हलू लागतो. तंबाखू व मधुमेहाने हा धोका वाढतो.

अशा वेळी आपण केमिस्टकडून परस्पर गोळ्या आणतो. परंतु स्क्रूवर जंतूंचा चिकट थर असतो. त्यात औषध नीट शिरत नाही. तो थर दंतवैद्यानेच खरवडून काढावा लागतो. म्हणूनच साफसफाईच्या जोडीला प्रतिजैविके सरसकट देऊ नयेत, असे युरोपातील हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने २०२३ साली सुचविले. ताप आला, चेहरा सुजला, तर त्यांची गरज डॉक्टर ठरवतील. उगाच घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात आणि उद्या मोठ्या आजारात तेच औषध लागू पडत नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, रक्त दिसताच आपण दंतवैद्याकडे जावे. खर्चाची अडचण असेल, तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आहे.